फळीमागची निळी पट्टी

आर्वीच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत चंद्रभानचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकानात एक टीव्ही, एक प्लेस्टेशन, एक बाक, एक स्टूल आणि एक खुर्ची. खुर्ची वेताची होती आणि तिच्यात बसायचा अधिकार फक्त जिंकणाऱ्याला होता. आव्हान देणारा स्टुलावर बसे. तो हरला तर बाकावर परत जाई. जिंकला तर खुर्चीतला उठे आणि तो बसे. पुढचा नंबर कोणाचा, हे बाकावर आधी थाप कोण मारतो यावरून ठरे. बरोबरी झाली तर जो खुर्चीत असेल तोच बसून राहील, हा नियम एका भांडणानंतर झाला होता. त्या भांडणात स्टुलाचा एक पाय मोडला होता, त्यामुळे नियम सगळ्यांच्या लक्षात होता.

२००७ च्या उन्हाळ्यात ही खुर्ची दोन वर्षांपासून दुर्गेशकडे होती. दुर्गेश विशीतला. स्टँडसमोर त्याच्या वडिलांचं, पुनाजींचं, पंक्चरचं दुकान होतं आणि तिथे तो दिवसभर उकिडवा बसून ट्यूबा पाण्यात बुडवायचा. संध्याकाळी चंद्रभानकडे आला की तो खुर्चीत आधी पाठ टेकवी, मग थोडा वेळ काहीच करत नसे, आणि मग रिमोट हातात घेई. त्याची आई पंचफुला एकदा त्याला जेवायला बोलवायला आली होती. पोरगा खुर्चीत आणि सराफाचा मुलगा स्टुलावर, हे दारातून बघून ती न बोलवताच परत गेली.

गेम जपानी होता. कार्टूनमधली माणसं त्यात एका पुलावर एकमेकांना बडवत. चंद्रभानने नागपूरहून आणलेल्या सीडीवर सगळं जपानी अक्षरांत होतं, त्यामुळे गेमचं आणि त्यातल्या माणसांचं बारसं आर्वीनेच केलं. सगळ्यांचे केस आकाशाकडे उभे, म्हणून गेमचं नाव ‘केसाळ’. पांढऱ्या कोटातला तो डॉक्टर. मिशीवाला सरपंच. निळ्या वेणीची मास्तरीण. दुर्गेश खेळायचा तो पुजारी: अंगात काही नाही, गळ्यात माळ, आणि एक बटन दाबलं की हात जोडणारा.

हात जोडण्याला महत्त्व होतं. प्रत्येकाकडे एक मोठा वार होता. तो निघाला की पडदा पांढराफटक होई आणि समोरचा पुलावरून खाली जाई. पण तो कधी निघे, कधी निघत नसे. निघाला नाही तर मारणारा हात वर करून नुसताच उभा राही आणि मार खाई. असं का होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं. कुठल्या तरी जुन्या चॅम्पियनच्या लक्षात आलं होतं की आधी नमस्कार केला तर वार निघायची शक्यता वाढते. त्याचा रिवाज झाला. पुजारी हात जोडी, सरपंच मिशीवरून हात फिरवी, मास्तरीण वेणी मागे टाकी. ज्याची जी रीत, ती तीनदा, मग वार. एखाद्या नव्या पोराने थेट वार करायला जाऊन तोंडघशी पडावं आणि बाकावरून कोणीतरी म्हणावं, “संस्कार नाई.”

मे महिन्यात हेमराज पुण्याहून सुटीवर आला. तो कापडवाले मधुकरराव यांचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. येताना त्याने दोन पीएसपी आणले, एक स्वतःसाठी, एक अकरावीतल्या बहिणीसाठी, रक्षासाठी. हातात मावणारं, काळं, मध्ये काच असलेलं ते यंत्र आर्वीत आधी कोणी पाहिलं नव्हतं. चंद्रभानने ते उलटसुलट करून पाहिलं आणि याच्यात सीडी कुठून घालायची, असं विचारलं. हेमराजने त्याला मागचं झाकण उघडून दाखवलं. आत बांगडीएवढी सीडी होती. ती बघून चंद्रभान बाकावर बसला, आणि त्या बाकावर तो सहसा बसत नसे.

हेमराजकडे केसाळांचाच गेम होता, इंग्रजीत. तो आपण शेवटपर्यंत खेळलो आहोत, सगळ्यांना हरवलं आहे, असं त्याने सांगितलं. मग सहज म्हणून स्टुलावर बसला आणि टीव्हीवर दुर्गेशकडून इतक्या लवकर हरला की चहा घेऊन आलेल्या माणसाला कप ठेवायलाही वेळ मिळाला नाही. उठताना तो पडद्याकडे बघत म्हणाला, इथे काहीतरी कमी दिसतंय.

“हारल्यावर सगळ्याइलेच कमी दिसते,” बाकावरून उत्तर आलं.

हेमराजला हे लागलं. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही पीएसपी घेऊन आला आणि त्याने दुर्गेशला रीतसर आव्हान दिलं. दोन यंत्रं तारेशिवाय एकमेकांना जोडता येतात. एक दुर्गेशने घ्यावं, एक आपण घेतो, आणि जिंकेल त्याची खुर्ची. गेम तोच आहे, माणसं तीच आहेत, मग काय हरकत?

दुर्गेशने यंत्र हातात घेतलं, परत दिलं आणि म्हणाला, “हा गेम वेगळा हाय, भाऊ. खुर्ची त्या गेमची हाय.”

भीतीने म्हणाला की न्यायाने, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण आता सगळी खुर्ची या एका प्रश्नावर येऊन टेकली: टीव्हीवरचा केसाळ आणि हातातला केसाळ एकच की दोन? दोन असतील तर दुर्गेश बसून राहणार. एक असतील तर त्याला त्या चिमुकल्या बटनांवर लढावं लागणार, आणि त्याचा अंगठा एका वेळी दोन बटनं दाबत होता.

दोन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. शेवटी चंद्रभानने तोडगा काढला. निवाडा ताराचंदजींनी करावा.

ताराचंदजी बाजार समितीच्या आवारात एका जिनिंगवाल्याकडे कापसाचे ग्रेडर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ग्रेड लावायची सवय गेली नव्हती. लोणचं, बैल, लग्नातला बँड, नवरदेव, सगळ्याला ते ग्रेड लावत. बोलावलं तर लावत, आणि न बोलावताही. व्हिडिओ गेम त्यांनी कधी पाहिला नव्हता. निवाड्यासाठी हे चांगलंच, असं दोन्ही बाजूंचं मत पडलं.

रविवारी दुपारी, बाजार बंद असताना, ताराचंदजी जेवण करून, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून आले. उभ्याने ग्रेड लागत नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. बाकावर पोरं भरली होती. स्टूल डुगडुगत होतं. दुर्गेश उठला आणि त्याने त्यांना आपली खुर्ची दिली. चंद्रभानने पंखा खुर्चीकडे वळवला.

ताराचंदजींनी आपली पद्धत समजावून सांगितली. कापसाची गाडी आली की नमुना तीन ठिकाणचा घ्यायचा. वरचा, मधला आणि तळाचा. विकणारा वर पांढराशुभ्र कापूस लावतो आणि ओला, पिवळा, किडून कवडी झालेला तळाशी दाबतो. वरून पाहून जो भाव करतो तो ग्रेडर नाही, तो पाहुणा. इथेही वर, मध्ये आणि तळाला पाहू.

हेमराजने सांगायचा प्रयत्न केला की गेममध्ये तुलना वेगळ्या गोष्टींची करतात. चित्र किती स्पष्ट, वेग किती, आवाज कसा.

“तुले ग्रेड लावाची हाय का मले?” ताराचंदजींनी विचारलं.

टीव्हीवर पुजारी आणि सरपंच उभे केले, पीएसपीवरही तेच दोघे. चंद्रभान एका रिमोटवर, रक्षा पीएसपीवर. ताराचंदजींनी तिला पीएसपी टीव्हीशेजारी धरायला लावला आणि एकदा त्याच्याकडे, एकदा टीव्हीकडे असं बघत राहिले. वरचा नमुना जुळला: दोन्हीकडे दोघांच्या जिवाच्या पिवळ्या पट्ट्या, मध्ये उलटे चालणारे आकडे. वरचा माल सारखा, असं त्यांनी जाहीर केलं. हेमराजची बाजू खूश झाली.

मधल्या नमुन्याला त्यांनी वेळ घेतला. टीव्हीवर पुजाऱ्याचे केस मोजता येतील इतके सुटे होते. हातातल्यात केसांचा एकच झुपका. टीव्हीवर मागे पूल आणि पुलावर बघे. हातातल्यात पूल होता, बघे गायब. टीव्हीवरचा सरपंच पडला की धूळ उडे. हातातल्यात नुसताच पडे. धागा आखूड आहे, ताराचंदजी म्हणाले. हेमराजने सांगितलं की यंत्र लहान असल्यामुळे बनवणाऱ्यांना काटछाट करावी लागते, पण हे यंत्र वीज गेल्यावरही चालतं. ताराचंदजींनी त्याला विचारलं की वीज गेल्यावर बघे परत येतात का. दुर्गेशच्या बाजूने बाक वाजला.

मधल्या मालातला आणखी एक फरक रक्षाने सांगितला. पीएसपीवर माणसांची माहिती इंग्रजीत येते, ती तिने वाचून दाखवली. पुजारी हा पुजारी नव्हता. तो तीन राज्यांना हवा असलेला दरोडेखोर होता. गळ्यातली माळ लुटीची होती. आणि ज्याला दुकान नमस्कार म्हणत होतं त्या बटनाला तिथे वेगळं नाव होतं.

“नमस्कार नाही तो,” रक्षा म्हणाली. “समोरच्याला खिजवणं आहे. ‘ये, पाया पड माझ्या,’ असं म्हणतो तो.”

दोन वर्षं दुर्गेश मोठ्या माणसांच्या पोरांना रोज तीनदा खिजवत होता, आणि पोरंही त्याला. चंद्रभान म्हणाला की भाषांतरात चुका होतात.

मग तळाचा नमुना. पीएसपीच्या काचेच्या अगदी खालच्या काठाला एक निळी पट्टी होती. पुजाऱ्याने हात जोडले की ती थोडी भरे. पूर्ण भरली की चमके, आणि तेव्हाच मोठा वार निघे. बाकावरच्या पोरांनी वाकून पट्टी पाहिली आणि एकच गलका केला. टीव्हीवर अशी पट्टी नव्हती. कधीच नव्हती. गेम वेगळा, गोष्ट संपली. दुर्गेशने पहिल्यांदा श्वास सोडला आणि सवयीने पाठ टेकवायला गेला. मागे फक्त हवा होती.

ताराचंदजी मात्र टीव्हीकडे बघत होते.

“त्याचा तळ कुठी हाय?” त्यांनी विचारलं.

चंद्रभानने सांगितलं की हाच तळ. ताराचंदजी म्हणाले, हा तळ नव्हे, ही फळी आहे.

फळी होती खरी. नव्वदच्या दशकात चंद्रभान याच जागेत व्हिडिओवर सिनेमे दाखवत असे. टीव्ही लाकडी खोक्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर. पुढच्या रांगेतले लोक आडवे होऊन टीव्हीच्या काठावर पाय टेकवत. म्हणून त्याने खोक्यावर एक फळी आडवी ठोकली आणि तिच्यावर लाल रंगाने ‘पाय लावू नये’ असं लिहिलं. फळी पडद्याच्या खालच्या दोन बोटांवर येत होती. सिनेमात तेवढ्या जागेत फक्त हिरोचे बूट असत, तेव्हा कोणाची तक्रार आली नाही. पुढे सिनेमे गेले, गेम आला, फळी राहिली. तिच्याकडे इतकी वर्षं सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि सूचनाही पाळली होती.

चंद्रभानने फळी काढायला नकार दिला. फळीने आपलं काय बिघडवलं, असं त्याचं म्हणणं होतं. ताराचंदजींनी त्याला एवढंच सांगितलं की तळाला हात घालू न देणारे गाडीवाले आपण आयुष्यात खूप पाहिले आहेत. मग दुर्गेशच स्वतःच्या दुकानातून टायर सोडवायची लोखंडी पट्टी घेऊन आला आणि त्यानेच खिळे उचकटले. दुसऱ्या कोणी काढली असती तर फळी चिरली असती.

फळी निघाली. तिच्यामागे, धुळीच्या थराखाली, निळी पट्टी होती. चंद्रभानच्या सरपंचाने मिशीवरून हात फिरवला आणि ती थोडी भरली.

दुर्गेशने पुढे होऊन काचेवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली, आणि पट्टी आणखी स्पष्ट दिसली.

“माल एक, गाठी दोन,” ताराचंदजींनी निवाडा दिला. “एक गाठ घट्ट बांधली, एक सैल. खेळा.”

तेव्हा खेळणं भाग होतं. दुर्गेशने एकच अट घातली. खुर्ची ज्या गेमवर मिळाली त्या गेमला फळी होती. हातातल्यालाही फळी पाहिजे. हेमराजने याला हरकत घेतली. पट्टी लपवून खेळणं म्हणजे डोळ्याला कापड बांधून गाडी चालवणं आहे, असं तो म्हणाला. बाकावरच्या एकाने त्याला आठवण करून दिली की आर्वी दोन वर्षं तशीच चालवत आहे, आणि कोणी मेलेलं नाही. ताराचंदजींनी अट मान्य केली. कापसाच्या दोन गाठींची तुलना करायची तर दोन्ही सारख्याच झाकायच्या.

दुर्गेशने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन रिंगा कापून आणल्या. रक्षाने त्या दोन्ही पीएसपींवर ताणून बसवल्या. काळ्या रबराखाली निळी पट्टी गेली. हेमराज स्टुलावर बसला. दुर्गेशने उभ्याने खेळून पाहिलं, बाकाच्या टोकाला बसून पाहिलं, आणि शेवटी जमिनीवर उकिडवा बसला. लहान वस्तूवर काम करायची त्याची तीच बैठक होती.

तीन डाव ठरले. पहिला हेमराजने घेतला. दुर्गेशचा अंगठा नको त्या बटनावर पडत होता आणि त्याचा पुजारी मध्येच उड्या मारत होता. दुसऱ्या डावात अंगठ्याला जागा सापडली. त्याच डावात हेमराजचा मोठा वार दोनदा फसला. पट्टी भरली की नाही हे त्याला कळत नव्हतं. त्याचा डॉक्टर हात वर करून उभा राहिला आणि पुजाऱ्याने त्याला दोन्ही वेळा धुतलं.

“संस्कार नाई,” बाक एका आवाजात म्हणाला.

तिसऱ्या डावात हेमराजने ठरवलं की आता घाई करायची नाही. त्याच्या डॉक्टरने मान झुकवली. एकदा, दोनदा, तीनदा. तीनदा पुरतं का, याची खात्री नव्हती, म्हणून आणखी एकदा. इकडे दुर्गेशही अडला होता. तीन नमस्कारांत वार निघतो, हा आजवर विश्वास होता. आज ती पट्टी डोळ्यांनी पाहिल्यापासून विश्वास गेला होता. तिसऱ्यानंतर बोटभर राहत असेल तर? त्याने चौथा नमस्कार केला. डॉक्टरने पाचवा केला. जो आधी मारेल आणि फसेल तो हरला, हे दोघांनाही कळत होतं. पुजारी हात जोडत होता, डॉक्टर मान झुकवत होता. दोघांच्या जिवाच्या पट्ट्या शाबूत होत्या. लग्नात विहिणी एकमेकींना आधी बसा म्हणतात, तसं ते चाललं होतं. वरचे आकडे उलटे चालत चालत शून्यावर आले आणि डाव संपला. कोणी कोणाला बोटही लावलं नव्हतं.

एक डाव त्याचा, एक याचा, एक कोणाचाच नाही. बरोबरी.

दुर्गेशने रिंग काढली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला. बरोबरी झाली म्हणजे खुर्ची ज्याची त्याला. तो खुर्चीकडे वळला आणि थांबला.

“बरोबरी झाली तर जो खुर्चीत असेल तो,” रक्षा म्हणाली. तिला नियम त्याच दिवशी कळला होता, म्हणून तिला तो नीट पाठ होता.

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत ताराचंदजी होते.

चंद्रभानने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. काकाजी, उठा, पोराला बसू द्या. ताराचंदजींनी नियम पुन्हा एकदा सांगायला लावला, डोळे मिटून ऐकला आणि त्यात खोट नाही असं सांगितलं. नियमाने आलेली खुर्ची ते नियमानेच सोडणार होते. त्यांना हरवावं लागेल. चाळीस वर्षांत त्यांनी लावलेली ग्रेड कोणी चहा पाजूनही बदलू शकलं नव्हतं. खुर्चीबद्दल वेगळं का वागावं?

बाकावर थाप पडली. दुर्गेशची होती. दोन वर्षांत त्याला थाप मारावी लागली नव्हती, पण हात विसरला नव्हता.

फळी परत ठोकली. हा निर्णय कोणी घेतला नाही. चंद्रभानने हातोडी घेतली आणि हेमराजने न सांगता खिळे धरले. दुर्गेश स्टुलावर बसला. ताराचंदजींच्या हातात रिमोट दिला. त्यांनी तो दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ओढून पाहिला, कापसाचा धागा बघतात तसा. माणूस निवडताना त्यांचं बोट जिथे पडलं तिथे सरपंच होता. गेम सुरू व्हायला टीव्हीवर नेहमीच वेळ लागे. पंखा चालू होता, दुपार होती, जेवण पुरणपोळीचं झालं होतं. पुलावर दोघे समोरासमोर आले तेव्हा ताराचंदजींना झोप लागलेली होती.

उठवायचं कोणी, यावर बाकाने एकमेकांकडे पाहिलं. कोणी उठलं नाही.

सरपंच पुलाच्या मध्यावर उभा होता. दुर्गेशने सवयीने नमस्काराच्या बटनावर अंगठा ठेवला. मग खुर्चीकडे पाहिलं. तोंड थोडं उघडं, दुपट्टा कपाळावर घसरलेला.

“म्हाताऱ्या माणसाले कसं खिजवू बे,” तो हळूच म्हणाला आणि त्याने अंगठा उचलला.

नमस्कार नाही म्हणून मोठा वार नाही. पुजाऱ्याने सरपंचाला साध्या बुक्क्यांनी हरवलं, एकेक, जपून, जवळपास आकडे संपेपर्यंत. बाकावर कोणी आवाज केला नाही. सरपंच पडला, धूळ उडाली, आणि दुर्गेश पुन्हा आर्वीचा चॅम्पियन झाला.

खुर्चीत ताराचंदजी घोरत होते.

दुर्गेशने स्टूल उचललं, भिंतीला लावलं, बसला आणि भिंतीला पाठ टेकली. बाकावर लगेच थाप पडली. या वेळी हेमराजची होती. तो पुढे आला, पण आव्हान देणाऱ्याच्या स्टुलावर चॅम्पियन बसला होता. हेमराजने इकडेतिकडे पाहिलं, रिमोट घेतला आणि टीव्हीसमोर जमिनीवर उकिडवा बसला. चवड्यांवर बसल्यामुळे तो लगेच डुलायला लागला.

दुर्गेशने गेम थांबवला.

“टाचा टेकव, भाऊ,” तो म्हणाला. “नाई त पाय झोपते.”